रिकाम्या परातीचा आवाज

भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि केतकी म्हेत्रेला तो काही केल्या पटत नव्हता.

आता भाकरीच्या आवाजात न पटण्यासारखं काय असतं, असं कुणीही म्हणेल. पण भाकरी थापणाऱ्या बाईचे हात मधूनमधून थांबतात. थापून झालेली तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, दुसरा उंडा मळायला घ्यायचा, मधेच पहिली उलटायची. या सगळ्यात आवाज तुटतो. शेजारच्या रूपाली लाटणेच्या घरातली थपथप मात्र पंधरा मिनिटं एकसारखी चालली होती. अशी भाकरी जगात कुणी करत नाही.

केतकीला हा आवाज ओळखीचा होता. दोन हजार वीसच्या टाळेबंदीत ती नऊ वर्षांची होती. तेव्हा तिची आई रोज सकाळी गॅसवर नुसतं पाण्याचं पातेलं चढवायची आणि रिकाम्या परातीत दोन्ही हातांनी थापत बसायची. केतकीला वाटायचं, आई आपल्याशी खेळतीय. शहाणपण आल्यावर एकदा विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, "शेजारणीला कळलं असतं, तर तिनं आपल्या पोरांच्या ताटातलं उचलून आणून दिलं असतं. तिचं तरी कुठं भरलेलं होतं?" 

आता केतकी बत्तीस वर्षांची होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि आळतूर गाव पुन्हा बंद होतं, आज छत्तीस दिवस.

आळतूर हे मागांचं गाव. जगभर बिनधोट्याचे माग येऊन जुने झाले, पण आळतूरकरांनी आपले जुने, कानठळ्या बसवणारे माग काही सोडले नाहीत. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं धावणारी लाकडी होडी; तिच्यात घालायला सुताच्या कांड्या लागतात आणि कांड्या भरायला बायका. त्यांना कांडीवाल्या म्हणतात. माग चालला तर आठवड्याचा हप्ता हातात, नाहीतर काही नाही. रूपाली कांडीवाली होती. या गल्लीतल्या अर्ध्याअधिक बायका कांडीवाल्याच होत्या.

फेब्रुवारीत दमतापाची साथ आली. तरण्या माणसाला तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी तो कामावर. पण ज्याची फुप्फुसं आधीच खराब, त्याच्या छातीत पाणी भरायचं आणि मग काही खरं नसायचं. मागाच्या गावात खराब फुप्फुसांना काय तोटा? चाळीस-चाळीस वर्षं सुताची धूळ नाकातोंडात घेतलेली माणसं घरोघरी होती. केतकीचे वडील आप्पा त्यांतलेच. माग दुरुस्त करणारे नावाजलेले जॉबर. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगणारे. आता संडासापर्यंत चालत गेले तरी भिंतीला टेकून उभं राहायला लागायचं.

गाव बंद ठेवायचं की उघडायचं, हे आता मंत्री ठरवत नव्हते आणि कलेक्टरही ठरवत नव्हते. ते काम तागडीचं होतं. तिचं सरकारी नाव भलं लांबलचक होतं, ते उच्चारायला कुणाची जीभ रिकामी नव्हती, म्हणून सगळे तागडीच म्हणायचे. तागडी म्हणजे एक संगणकी प्रणाली, प्रत्येक गावासाठी वेगळा हिशेब करणारी. तिला दोन पारडी होती आणि दोन्हींत एकच वजन पडायचं: माणसाच्या आयुष्याचे दिवस. गाव उघडलं तर दमताप किती दिवस खाईल ते डाव्या पारड्यात. सहा वर्षं आणखी जगला असता असा म्हातारा जाणार असेल, तर त्या सहा वर्षांचे दिवस तिथं पडायचे. गाव बंद ठेवलं तर बंदी किती दिवस खाईल ते उजव्या पारड्यात. महिनाभर अर्धपोटी राहिलेलं पोर पुढं उभ्या आयुष्यात काही महिने गमावून बसतं, ते दिवस. चुकलेलं डायलिसिस, बाळंतिणीला वेळेवर न मिळालेली गाडी, दारुड्या नवऱ्याबरोबर कोंडली गेलेली बाई, धंदा बुडाला म्हणून गळ्याला दोर लावणारा माणूस, हे सगळं उजवीकडं. दर शनिवारी पाच वाजता तागडी आकडा सांगायची. डावं जड असेल तर आणखी आठ दिवस बंद. उजवं जड झालं की गाव उघडायचं.

डावं पारडं भरणं सोपं होतं. गटारीच्या पाण्यात विषाणू किती, गावात म्हातारे किती, त्यांच्या छातीच्या तपासण्या काय म्हणतात, एवढं कळलं की आकडा निघायचा. अवघड होतं ते उजवं. उपाशी माणूस काही दारावर पाटी लावत नाही. मग शास्त्रज्ञांनी मोठी नामी वाट शोधली: गॅसचा मीटर. नळाचा गॅस आता घरोघरी होता आणि त्याचा मीटर क्षणाक्षणाला किती गॅस जळतोय ते नोंदवायचा. चहाची रेघ वेगळी, कुकरची वेगळी. भाकरीची तर लाखात ओळखू येणारी. मध्यम आच, आणि दर दोन-तीन मिनिटांनी भाकरी फुगवायला ज्योत मोठी केली की एक उंचवटा. हजारो घरांच्या रेघा दाखवून यंत्राला ते शिकवलं होतं. कुठल्या गल्लीत किती ताटं वाढली गेली, हे तागडीला जिल्ह्याच्या गावी बसून कळायचं. जिथं चुली थंड पडायला लागल्या, तिथं धान्याची गाडी जायची आणि उजव्या पारड्यात वजन पडायचं. बंदीच्या काळात गॅस फुकट होता, म्हणजे चूल पेटली नाही तर घरात शिजवायला काही नाही, असंच धरायचं.

केतकी या तागडीची नोंदसेविका होती. घरोघरी जाऊन मीटर तपासायचे, लोकांच्या बोटाला यंत्र लावून प्राणवायू बघायचा, टॅबवर भरायचं. तिचा या यंत्रावर जीव होता. निदान कुणीतरी दोन्ही बाजू मोजतंय, असं ती सगळ्यांना सांगायची. आणि तिच्या टॅबवर तिचीच गल्ली गावात पहिली होती. एकही चूल थंड नाही.

तिनं मास्क चढवला, बोटाचं यंत्र घेतलं आणि शेजारी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

रूपाली ओट्याशी उभी होती. गॅसवर तवा, तव्यावर काही नाही. समोर परात, तीही कोरडी ठाक. रूपाली एका हातानं परातीत थापत होती आणि दुसऱ्या हातानं मधूनमधून गॅसचं बटण मोठं करून परत बारीक करत होती. तिची नऊ वर्षांची आर्या कोपऱ्यात पालथी पडून पाटीवर चित्र काढत होती. तिनं केतकीकडं बघितलं आणि पुन्हा चित्रात डोकं घातलं.

"काय करतीयास, रूपा?" केतकी म्हणाली.

रूपालीचा हात थांबला. ओशाळायच्या ऐवजी ती हसलीच. "तूच शिकवलंस की. मीटर बसवायला आलीस तेव्हा काय सांगत होतीस? भाकरी भाजताना ज्योत मोठी होती ते त्येला कळतंय. मग म्हटलं, करूया मोठी."

"घरात पीठ न्हाई?"

"सकाळी भाताची पेज केली दोघींपुरती. रोज करतीया. मरत न्हाई आम्ही."

"किती दिवस चाललंय हे?"

"अकरा."

केतकी स्टूल ओढून बसली. "आणि मला सांगितलं न्हाईस? भिंतीला भिंत लागून राहतो आपण. लाज वाटली व्हय माझी?"

"लाज?" रूपालीनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, पुसण्यासारखं त्या हातांना काहीच लागलेलं नव्हतं. "लाज थोडी वाटतीच. पण त्यासाठी न्हाई. चूल विझली की तागडी गाव उघडणार. बरोबर का न्हाई? आणि गाव उघडलं की या गल्लीतली सात म्हातारी जाणार. तुझे आप्पा. मोमीनचाचा. कडंच्या घरातली दोघं नवराबायको. बोटावर मोजून ठेवलीत आम्ही. पाच वर्षांमागच्या साथीत गाव लवकर उघडलं, मी कांड्या भरायला गेले, आणि माझ्याच अंगाबरोबर ते घरात आलं. सासू पाचव्या दिवशी गेली. मरताना माझा हात धरला होता तिनं. तिला ठाऊक न्हवतं कुणी दिलं ते. मला ठाऊक होतं."

केतकीनं कोपऱ्यातल्या आर्याकडं बघितलं.

"सगळ्याजणी आहेत यात," रूपाली म्हणाली. "ठरवून. आठ दिवस, पंधरा दिवस काढू पेजेवर. साथ ओसरली की आपोआपच उघडंल. तू काही बघितलं न्हाईस. जा घरी."

आर्याच्या बोटाला यंत्र लावून केतकी बाहेर पडली. प्राणवायू ठीक होता. मनगट मात्र तिच्या दोन बोटांच्या चिमटीत मावलं आणि वर जागा उरली.

जिल्ह्याच्या तागडी केंद्राचे प्रमुख डॉ. हेमंत उपळेकर म्हणजे भला माणूस. त्यांची आई वीस सालच्या साथीत गेली होती, आणि सख्खे मामा त्याच टाळेबंदीत, खानावळ बुडाली म्हणून. दोघांचं वजन कुणी केलं नाही, म्हणून मी या कामात आलो, असं ते पहिल्याच प्रशिक्षणात बोलले होते. केतकीनं त्यांना दुपारी फोन लावला. नावं न घेता सांगितलं. एका गल्लीतल्या चुली खोट्या पेटतायत, पोरं पेजेवर आहेत, धान्याची गाडी तेवढी पाठवा.

उपळेकरांनी आधी आळतूरची नोंद उघडली.

"गाडी कुठून पाठवू, म्हेत्रे?" ते म्हणाले. "जिल्ह्यात निम्म्या चुली थंड आहेत अशी अकरा गावं आहेत. तुमच्या गल्लीत सगळी पेटलेली दिसतायत. नोंदीत भाकरी दिसत असलेल्या घरी मी धान्य पाठवलं, तर ते खऱ्या उपाशी घरातून काढून पाठवलेलं असेल."

"हीसुद्धा खरीच उपाशी आहेत, सर."

"मला पटतंय. यंत्राला पटलं पाहिजे. त्याला खोटी भाकरी अजून कुणी दाखवलेलीच नाही. किमान पंधरा घरांनी सही करून सांगायला हवं, अमुक दिवस आमची चूल रिकामी जळत होती. त्या जबाबांशी त्यांच्या रेघा जोडल्या की यंत्र ती खूण शिकेल आणि मग सगळ्या गावात शोधेल. माझा अंदाज विचाराल, तर हे एकाच गल्लीत चाललेलं नसणार."

"आणि शोधल्यावर?"

"या आठवड्यात डाव्या पारड्यात एक लाख चार हजार दिवस आहेत आणि उजव्यात नव्व्याण्णव हजार. या चुली उजवीकडं धरल्या की शनिवारी आळतूर उघडेल. धान्यही येईल, पण आठवडाभरानं. गाव आधी उघडेल."

केतकीनं फोन ठेवला. मग जे कधी करायचं नाही अशी शपथ घेतली होती, ते केलं. तिनं टॅबवर आप्पांची नोंद उघडली. दत्तोबा म्हेत्रे, वय बाहत्तर, फुप्फुसं इतके टक्के निकामी. साथ नाही लागली तर शिल्लक दिवस: एक हजार एकशे चाळीस. साथ लागली तर शिल्लक दिवस: शून्य.

तिला त्या यंत्राचा राग आला. मग रूपालीचा आला, अकरा दिवस गप्प बसली म्हणून. मग स्वतःचा आला. कारण मनाच्या अगदी तळाशी तिला वाटत होतं की आपण हे बघायलाच नको होतं. अकरा दिवस ती आप्पांना रोज दोन वेळा गरम भाकरी वाढत होती. नोंदसेविकांच्या घरी धान्याचा वेगळा डबा यायचा. त्या संध्याकाळी तिनं तो डबा घेऊन रूपालीचं दार वाजवलं, तर आतून उत्तर आलं, आमचं जेवण झालंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आप्पांना सगळं सांगितलं. सांगणार नव्हती. पण आप्पा जेवता जेवता म्हणाले, "आर्या हल्ली दंगा करत न्हाई गं भिंतीपलीकडं," आणि तिला आवरलं नाही.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. परत उचलला नाही.

"माझ्यापायी?" ते म्हणाले.

"तुमच्यासाठी, मोमीनचाचांसाठी. सातजणांसाठी."

"माझे किती दिवस धरलेत त्या तागडीत?"

"आप्पा, ते सांगायचं नसतं."

"तू बघितल्याशिवाय राहिली न्हाईस. मी बाप आहे तुझा. बोल."

तिनं सांगितलं. आप्पांनी मनातल्या मनात भागाकार केला. "तीन वर्षं की. डॉक्टरनं दीडच सांगितलं होतं. यंत्र उदार आहे." ते हसले आणि हसण्यानं खोकल्याची उबळ आली. ती शमेपर्यंत केतकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सह्या घेणार तू?"

"कुणी करणार न्हाई. रूपाली तर मला हाकलून देईल. तुझ्या आप्पांना मारायला आम्ही सही करायची व्हय, असं म्हणेल. आणि मला तरी कुठं ते करायचंय? तुम्ही सांगा काय करू."

तिला वाटत होतं, आप्पा म्हणतील, कर बाळ, पोरांसाठी कर, माझं काय, मी पिकलं पान. तेवढ्यासाठीच तिनं विचारलं होतं. आप्पांनाही ते कळलं असावं.

"मला भ्या वाटतंय, केतकी," ते म्हणाले. "छातीत पाणी भरतं म्हणे. बसल्या जागी बुडतो माणूस. मला रात्री श्वास लागला की वाटतं, हेच ते. मला तीन वर्षं पाहिजेत. एक दिवससुद्धा कमी नको. तेव्हा तू माझ्याकडनं होकार काढायला बघू नकोस. मी देणार न्हाई."

एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. संध्याकाळी जेवले नाहीत. तिनं दोनदा हाक मारली, तर नुसतं हूं म्हणाले. त्यांना बोलतं करावं, की पायाशी बसून रडावं, हे तिला कळत नव्हतं. तिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली तर खाट रिकामी आणि दार उघडं. अडतीस दिवसांत ज्या माणसानं उंबरा ओलांडला नव्हता, तो गल्लीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. तोंडाला मास्क, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. खुर्ची त्यांनी स्वतः ओढत नेली होती आणि त्या श्रमानं छाती भात्यासारखी चालली होती. बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मोमीनचाचा खिडकीत आले.

"आप्पा, आत चला," रूपाली दारातूनच म्हणाली. "भलतंच काय करताय?"

"केतकी, तो तुझा टॅब घे," आप्पा म्हणाले. "माझा जबाब लिहायचाय."

"कसला जबाब?"

आप्पांनी आवाज चढवला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटावर चढवलेला आवाज, आता त्यातला निम्मा उरला होता, पण गल्लीपुरता पुरला. "मी दत्तोबा म्हेत्रे. माझ्या घरात तेरा दिवस भाकरी न्हाई. चूल रिकामी जळतीया. परात रिकामी थापली. लाजेपायी सांगितलं न्हाई. आज सांगतोय."

गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की हे खोटं आहे. म्हेत्र्यांच्या घरातली भाकरी सगळ्यांनी ऐकली होती.

"आप्पा," रूपाली रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुमच्याकडं रोज दोन्ही वेळा भाकरी होतीया. मी ऐकतीया की."

"तू परात ऐकलीस. आत काय होतं ते तू बघायला आली न्हवतीस." आप्पांना दम लागला. ते थोडा वेळ गुडघ्यांवर हात टेकून बसले. "मी जॉबर माणूस. या गावात माझी पत होती. मी उपाशी आहे म्हणून सही करतोय. आता कुणाला लाजायचं कारण उरलं न्हाई. आणि माझ्या जिवासाठी जी पोरं पेजेवर ठेवलीत, त्यांच्या आयांना सांगतो. मी तुम्हाला हे मागितलं न्हवतं. मला जगायचंय. पण आर्याच्या ताटातलं खाऊन न्हाई."

केतकी टॅब घेऊन उभी होती. नियम असा, की नोंदसेविकेनं जबाबाची खात्री करून स्वतःचा अंगठा लावायचा. तिच्या स्वतःच्या घरचा मीटर, आणि त्यात तेरा दिवसांच्या खऱ्या भाकऱ्या.

"भरवसा न्हाई व्हय बापाच्या शब्दावर?" आप्पा म्हणाले.

तिनं लिहिलं. आप्पांनी बोटानं सही केली, तीही नीट, वळणदार, घाई न करता. तिनं खाली स्वतःचा अंगठा लावला.

मोमीनचाचा खिडकीतून म्हणाले, "केतकी, माझंबी लिही. आमच्या सुनेनं तेरा दिवस नुसता तवा तापवलाय आणि मला पेज दिली, पोटाला हलकी म्हणून. मला आज कळलं." मग कडंच्या घरातली म्हातारी आली. मग एकेक बाई, मास्क वर ओढत, डोळे पुसत. रूपाली सगळ्यांत शेवटी आली. तिनं सही केली आणि आप्पांच्या खुर्चीपासून चार हात लांब जमिनीवर बसून राहिली, जवळ जायचं नाही म्हणून. एकोणीस घरांच्या सह्या झाल्या.

शनिवारी पाच वाजता आकडा आला. यंत्राला खोटी भाकरी ओळखता यायला लागल्यावर ती त्याला गावभर सापडली होती. दर तीन घरांमागं एकात. उजवं पारडं अठ्ठावीस हजार दिवसांनी जड झालं होतं. सोमवारी माग सुरू झाले.

पुढचं काही लपवण्यासारखं नाही आणि सांगून बरं वाटण्यासारखंही नाही. गल्लीतल्या बायकांनी आपल्या परीनं सगळं केलं. कामावरून आलं की बाहेरच अंघोळ, म्हाताऱ्यांच्या दाराशी फिरकायचं नाही, काही द्यायचं तर उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं. आर्याचा दंगा पंधरवड्यात परत सुरू झाला आणि आप्पा भिंतीला कान लावून तो ऐकायचे. सात म्हाताऱ्यांतली पाच वाचली. मोमीनचाचांना ताप आला आणि उतरलाही. कडंच्या घरातली म्हातारी गेली आणि चौथ्या आठवड्यात आप्पा गेले. ताप कुणाकडून आला ते कळलं नाही. कदाचित केतकीकडूनच, तीच तर घरोघरी फिरत होती. शेवटचे दोन दिवस ते फार घाबरले होते. तिचा हात सोडत नव्हते. आपण केलं ते बरोबर होतं असं काही ते म्हणाले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही.

जूनमध्ये डॉ. उपळेकरांचा फोन आला. ते आधी आप्पांबद्दल बोलले. मनापासून बोलले. मग थोडे अडखळले.

"म्हेत्रे, आळतूरची खूण आता सगळ्या राज्यात वापरायचीय. त्याआधी नमुन्यांची फेरतपासणी झाली. तुमच्या गल्लीतले अठरा जबाब रेघांशी तंतोतंत जुळतात. एक जुळत नाही. त्या घरातली भाकरी खरी दिसते. रोजची, दोन वेळची. तुमच्या स्वतःच्या घराची आहे ती."

"हो, सर. जबाब खोटा आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"भाकऱ्या मीच करत होते."

तिला त्यांच्या टेबलावरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"तो काढून टाका, सर," केतकी म्हणाली. "तो ठेवला तर यंत्र कुठंतरी जेवणाऱ्या घराला उपाशी धरेल. दुसऱ्या गावात त्यापायी चुकीचा आकडा यायला नको. माझ्यावर जी कारवाई असेल ती करा. मी लेखी देते."

"कारवाईचं मी बघतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "मला एवढंच कळत नाहीये. पंधरा जबाब पुरे होते. तुमच्याकडं खरे अठरा होते. त्या एका जबाबानं आकड्यात काडीचा फरक पडला नाही. मग खोटं माहीत असून तुम्ही तो घेतला कशाला?"

केतकीनं डोळे मिटून घेतले. पलीकडच्या घरात आर्या कशावरून तरी आईशी भांडत होती.

"तो पहिला होता, सर," ती म्हणाली.